वानखडेबाईंचा पुरा संशय

“हे पोरगी तुमचीच काय?” हा वानखडेबाईंनी माझ्या बाबांना विचारलेला पहिला प्रश्न.

अमरावतीतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. मी अकोटजवळच्या खेड्यातून बी.एस्सी. करायला आले होते. बाबांच्या एका हातात माझी पेटी होती, दुसऱ्या हातात बाईंसाठी आणलेली मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. ते गडबडलेच. “हो जी, माहीच. अजून कोनाची राहीन?” बाईंनी गळ्यातल्या दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, जवळ आल्या, आधी बाबांचं तोंड न्याहाळलं, मग माझं. “नाक जुळते,” त्या म्हणाल्या. “कान नाई जुळत. मायचे असतीन. मायचा फोटो हाय काय मोबाइलमंदी?” बाबांनी फोटो दाखवला तेव्हा कुठं माझी पेटी आत गेली. वांगी त्यांनी ठेवून घेतली. पण आमच्यासमोर एक चिरून, आत अळी नाही हे पाहूनच.

बाई बुटक्या, काटकुळ्या. फिकट काठाच्या सुती साड्या नेसत. व्हरांड्यात शिरण्याआधी चपला काढून हातात घेत, म्हणजे पावलांचा आवाज होऊ नये. पोरी त्यांना मागं ‘फौजदार’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. वीज गेली की ‘केव्हा येईल’ असं त्या विचारत नसत, ‘कोनी घालवली’ असं विचारत. एखादीला भेटायला भाऊ आला की त्याला फाटकाशी उभं करून विचारायच्या, “तुमच्या मायचं माहेर कोनतं?” मग आत येऊन तोच प्रश्न त्या मुलीला. दोन्ही उत्तरं जुळली तरच भेट. गोड बोलणाऱ्यांवर तर त्यांचा खास डोळा. “गोड बोलनाऱ्याच्या मांगून एक चक्कर मारून पाहाव,” त्या म्हणत. “मानूस मांगूनच खरा दिसते.”

पहिलं वर्षभर मी त्यांना टाळत राहिले. दुसऱ्या वर्षाला माझी पाळी बंद झाली.

आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. परीक्षेचे दिवस, त्यात पोटात कळ नाही, डाग लागायची भीती नाही. मैत्रिणी म्हणाल्या, अभ्यासाच्या ताणानं होतं. दोन महिने गेले, चार गेले. डोकं दुखायचं, ते मी मोबाइलवर ढकललं. मग एक दिवस अंघोळ करताना छातीतून पांढरे थेंब आले. मला वाटलं, पू आहे. दाबून पाहिलं तर दूध.

एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी मी. कुणाला सांगणार? मायला फोन लावला आणि हवापाण्याच्या गोष्टी करून ठेवून दिला. ओढणी सारखी करत, आत रुमालाची घडी ठेवून मी कॉलेजला जाऊ लागले. पण शेजारच्या पलंगावरच्या मोनालीनं एका सकाळी माझ्या कुर्त्यावरचा ओला डाग पाहिला. नुसती पाहत राहिली. संध्याकाळच्या जेवणाला मी मेसमध्ये गेले तेव्हा माझ्या टेबलावरच्या मुली ताटं घेऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीच्या कडीला कुणीतरी एक तान्ह्या बाळाचं झबलं अडकवून ठेवलं होतं.

ते झबलं बाईंनी काढलं. बोटांच्या चिमटीत धरून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “चाल माह्या खोलीत.”

खोलीत गेल्यावर दार लावून घेतलं. मी पलंगाच्या कडेला टेकणार तोच म्हणाल्या, “तिथी नोको. खुर्चीवर बस, उजेडात. तोंड दिसलं पायजे.” मग समोर बसून त्यांनी सरळ विचारलं, “कोन हाय?”

“कोण म्हणजे?”

“मोनाली म्हनते कॉलेजातला पोट्टा हाय. मेसची मावशी म्हनते कोनी सर हाय. तू काय म्हनतं?”

“कोणी नाही हो, बाई. आईशपथ कोणी नाही.”

“शपथ नोको घेऊ. शपथ घेनाऱ्यावर त माहा बिलकुलच इस्वास नाई.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. माझं रडणं संपेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, ते खरं आहे की खोटं हे तपासत असल्यासारख्या. मग म्हणाल्या, “आयक. तुह्यावर माहा इस्वास नाई. पन या वसतिगृहातल्या पोट्ट्यायवर त त्याहून नाई. त्यायले डाग दिसला अन त्यायनं बाळंतपन उरकून टाकलं. असा अर्धा संशय मले चालत नाई. संशय घ्यायचा त पुरा घ्यावा मानसानं. मुळापर्यंत जाव. अर्धा संशय म्हंजे नुसती चहाडी.”

दुसऱ्या दिवशी त्या मला वसतिगृहाजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी लघवीची तपासणी केली. दिवस गेलेले नव्हते. मला वाटलं, सुटले. पण डॉक्टर खुर्चीत मागं रेलले, माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाले, “आता नाही म्हणजे आधीच काहीतरी झालेलं असेल. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली होती ना? पोट खाली करून आल्यावरही दूध येतं. तिच्याकडून खरं काढून घ्या.”

बाई उठल्या. “डॉक्टर, तुमी तपासून सांगून राहिले का आयकून?”

“अनुभवावरून सांगतोय.”

“म्हंजे आयकून,” बाई म्हणाल्या आणि माझा दंड धरून बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, त्या माझी बाजू घेताहेत. तसं काही नव्हतं. “थो म्हनते थे खरंबी असू शकते,” त्या चालता चालता म्हणाल्या. “पन त्यानं पाह्यलं नाई.”

अमरावतीत पुन्हा कुठल्या दवाखान्यात जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, डॉ. नसरीन म्हणून एक वयस्क स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. बाईंच्या मावसबहिणीला त्यांनी तपासलं होतं आणि ‘ऑपरेशनची गरज नाही’ असं सांगितलं होतं. “जो डॉक्टर ऑपरेशन नाई म्हनते, त्याचं एकदा आयकाव,” हा बाईंचा हिशेब. वसतिगृहात त्यांनी सांगितलं, नात्यातलं कोणी आजारी आहे. यष्टीत मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागं बसल्या. अकोला येईपर्यंत माझ्या मानेवर त्यांची नजर मला जाणवत होती.

डॉ. नसरीन यांनी आधी मलाच विचारलं. कोणती औषधं घेतेस, पोटासाठी, ॲसिडिटीसाठी काही गोळ्या चालू आहेत का, डोकं दुखतं का, बाजूचं दिसायला त्रास होतो का. बाईंना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. बाई म्हणाल्या, “मी नाई बसत.” डॉक्टर माझ्याकडे वळल्या, “चालेल?” मी मान हलवली. त्या दिवसापर्यंत माझ्याबद्दल मला विचारून काही ठरवणारं मला कोणी भेटलं नव्हतं.

तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. बाळंतीण झाली की ती दूध तयार करायचा हुकूम सोडते. कधी कधी बाळंतपण नसतानाही हुकूम सुटायला लागतो. मग दूध येतं आणि पाळी बंद होते. शरीराला वाटतं, ही अंगावर पाजणारी आई आहे.”

“लग्न नाई, लेकरू नाई,” बाई म्हणाल्या, “त मंग हुकूम देल्ला कोनी?”

“वही तो ढूँढना है, बाई.”

रक्त तपासायला दिलं. बाटलीवर माझंच नाव लिहिलं जातंय ना, हे बाईंनी वाकून पाहिलं. दूध आणणाऱ्या त्या हार्मोनचं प्रमाण पुष्कळ वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरलं, धावपळ झाली तरी थोडं वाढतं, म्हणून शांत बसून पुन्हा एकदा करू. “पुन्हा करू, पन दुसऱ्या लॅबमंदी,” बाई म्हणाल्या. तिथंही तेच आलं. थायरॉइड ठीक होतं. मग डोक्याचा एमआरआय झाला आणि त्या ग्रंथीवर एक बारीकशी गाठ दिसली.

‘गाठ’ हा शब्द ऐकला आणि मी एकदम विचारलं, “कॅन्सर?” डॉक्टरांनी लगेच सांगितलं, “कॅन्सर नाही. बहुतेकदा ऑपरेशनही लागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी. गाठ हळूहळू आकसते, दूध थांबतं, पाळी येते.”

मला रडू आवरेना, आणि शेजारी बसलेल्या बाई मात्र पुढं सरसावल्या. “गाठ डोक्यात, दूध छातीत, अन गोळी पोटात? डॉक्टर, तुमी मले येडी समजून राहिल्या काय?”

डॉ. नसरीन मोठ्यानं हसल्या. मग एका कागदावर डोकं, छाती, गर्भाशय असं सगळं काढून, बाण मारून त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी प्रत्येक बाणावर प्रश्न विचारला. बाहेर पेशंटची रांग लागली होती. शेवटी बाई म्हणाल्या, “पटून राह्यलं थोडंथोडं.” आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा हळू आवाजात, “तू खरं बोलत होती वं.”

माय आली ती त्याच आठवड्यात. कोणीतरी घरी फोन केलाच होता. ती बाईंच्या खोलीत माझ्यासमोर बसली. तिच्यापुढं मी रिपोर्ट ठेवले. तिनं ते पाहिले नाहीत. माझा हात हातात घेऊन ती अगदी हळू म्हणाली, “कागदावर जे हाय थे हाय. आता मले खरं सांग. मी बाबाले नाई सांगत.”

मुलींच्या टोमण्यांनी, त्या झबल्यानं मला इतकं लागलं नव्हतं. मी हात सोडवून घेतला. मायवर ओरडणार होते, पण बाईच बोलल्या, आणि आवाज न चढवता. “तुमी म्हनता थे बरोबर हाय, माय. कागदावर कायले इस्वास ठिवाचा? चाला अकोल्याले. तुमीच विचारा डॉक्टरीनले. जे विचाराचं थे सारं विचारा.”

मायनं विचारलंही. मला बाहेर बसवून, दार अर्धवट उघडं असताना, तिनं डॉक्टरांना विचारलं की पोरगी अजून कुमारी आहे का, तेवढं तपासून सांगा. आतून डॉ. नसरीन यांचा आवाज आला, “ती तपासणी मी करत नाही. या आजाराशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या मुलीच्या डोक्यात गाठ आहे, ताई. तुम्हाला तिची काळजी वाटायला हवी, आणि तुम्ही तिचीच चौकशी करताय.” मग माय बाहेर आली, माझ्याजवळ बसली, पदरानं माझा घाम पुसू लागली. मला घाम आलेला नव्हता.

तिकडे वसतिगृहाच्या मंडळाच्या सचिवांनी माझं नाव कमी करायचं ठरवलं होतं. ‘इतर मुलींवर परिणाम होतो.’ नाव कमी झालं असतं तर मी गावी गेले असते, आणि गावी गेले असते तर वर्षाच्या आत कुणाच्या तरी गळ्यात मला बांधून टाकलं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. बैठकीला बाईंना बोलावलं. मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होते. सचिव म्हणाले, “रिपोर्ट काय हो, कुठूनही आणता येतो.”

“सायेब, अगदी बरोबर बोलले,” बाईंचा आवाज आला. “मीबी हेच म्हनलं होतं. म्हनून मी दोन जाग्यावून आनला. तुमी तिसऱ्या जाग्यावून काढा. तुमच्या पसंतीचा डॉक्टर, तुमच्या पसंतीची लॅब. पोरगी तयार हाय, मी घेऊन येतो. कवा येऊ सांगा.”

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. तिसऱ्या जागी जाण्याची तयारी कुणाचीच नव्हती. “अन जायाचं नसन,” बाई पुढं म्हणाल्या, “त मंग नाव कमी करतानी कारन लेखी द्या. मी या वसतिगृहात इतके वर्स झाले पोट्ट्यायवर नजर ठिवून हावो. माह्याहून जास्त संशयी मानूस या मंडळात कोनी असन त त्यानं सही करावी.” सही कुणी केली नाही.

वाचवलं म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे काही झालं नाही. उलट माझा पलंग त्यांच्या लगतच्या खोलीत हलवला. “आता तुह्यावर जास्त लक्ष ठिवा लागते.” गोळीच्या दिवशी जेवण झालं की मला बोलावून समोर गोळी घ्यायला लावत आणि वर म्हणत, “जीभ उचल. गालफडात नाई ना ठिवली?” सुरुवातीला गोळीनं मळमळायचं, उठलं की भोवळ यायची. मी एकदा म्हटलं, नको ही गोळी. “नोको त नोको,” त्या म्हणाल्या. “पन पह्यले डॉक्टरीनले फोन लावून सांग, मी येडी हावो म्हनून.” डॉक्टरांनी जेवणानंतर, झोपायच्या आधी घ्यायला सांगितलं आणि त्रास कमी झाला.

आधी डोकेदुखी उतरली. मग दूध थांबलं. मग एका सकाळी, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी, पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी डाग पाहून हसले. धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कायवून समजाव? लाल शाई असन.” मी बघतच राहिले. तेव्हा कुठं त्यांच्या ओठांची कड हलली. “दुसऱ्या महिन्यात आली की मंग मी मानीन,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात आली. त्या दिवशी मेसमध्ये पातोडीची भाजी होती, जी फक्त मला आवडायची. बाकीच्या मुली कुरकुरत जेवल्या.

संशय मात्र सगळ्यांचा गेला नाही. शेवटच्या वर्षाच्या निरोपाच्या दिवशी मोनालीनं मला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, “आता तरी सांग ना, तेव्हा खरं काय झालं होतं?” मी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, आणि तिला पटलेलं नव्हतं.

बाई अशा का होत्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मटार सोलता सोलता. लग्न होऊन अचलपूरला गेल्या आणि थोड्याच वर्षांत नवरा काविळीनं गेला. “दवाखान्यात नेलंच नाई त्यायनं. झाडपाला देल्ला. अन मेल्यावर सासरचे म्हनले, बाईनंच काही खाऊ घातलं. कोनी पाह्यलं नाई, कोनी तपासलं नाई. एक जन बोलला अन सारे मानले.” एवढं बोलून त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली आणि मला ओरडल्या, “नीट पाह्य वं, अळीसकट टाकून राह्यली.”

मी शिकले, अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लागले. लग्न ठरायच्या वेळी माय म्हणाली, गोळ्यांचं बोलू नको. बाई म्हणाल्या, “बोल. तू सांगतलं नाई अन त्यायले डबीत गोळी दिसली, त त्या गोळीचं काय काय होईन, मले सांगाची गरज नाई.” मी सांगितलं. मुलगा डॉ. नसरीन यांना येऊन भेटला आणि लग्न झालं. त्याआधी बाई त्याच्या गल्लीत जाऊन, भाड्यानं खोली पाहायच्या निमित्तानं, तीन घरी चहा पिऊन आल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी गोळी बंद केली, पण डोकं दुखलं, नजर अंधुक झाली तर लगेच ये म्हणून बजावलं. काही झालं नाही. मुलगी झाली, निरोगी.

निवृत्त झाल्यावर बाई अचलपूरला गेल्या. सासरच्या घरात त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्या होत्या. “ज्यायनं बोट दाखवलं त्यायच्या नाकासमोर राह्यतो,” त्या म्हणत. मी सुट्टीत मुलीला घेऊन त्यांच्याकडे जायची. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेले तर चेहरा कागदासारखा पांढरा. चार पावलं चालून दम लागत होता. खुर्चीवर जाड टॉवेल घालून त्या बसल्या होत्या आणि उठल्या की टॉवेल स्वतःबरोबर नेत होत्या.

मी मुलीला अंगणात पाठवलं आणि विचारलं, “बाई, तुम्हाला रक्त जातंय का?”

“लाज नाई वाटत? या वयात?”

“म्हणूनच विचारते.”

“नाई जात.”

“मला खरं वाटत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उशीखालून गोळ्यांची एक पट्टी काढली. पाळी लांबवायला बायका घेतात त्या हार्मोनच्या गोळ्या. औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणलेल्या. “घेतल्या की थांबते. बंद केल्या की पुन्हा येते.” किती दिवस, असं विचारल्यावर मान फिरवून म्हणाल्या, “वर्स होत आलं.” मला जीभ उचलायला लावणाऱ्या बाईंनी दुकानदार देईल ती गोळी वर्षभर गिळली होती आणि ती कशावर आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी त्यांना तसंच अकोल्याला आणलं. डॉ. नसरीन आता फार थकल्या होत्या, सकाळचेच पेशंट बघायच्या. त्यांनी सोनोग्राफी करवली, गर्भाशयातला तुकडा तपासायला पाठवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “पाळी कायमची थांबल्यावर एक थेंब जरी गेला तरी यायला हवं होतं. इन गोलियों ने सब छुपा दिया.” नागपूरला ऑपरेशन झालं. पण आजार गर्भाशयाबाहेर गेलेला होता.

शेवटचे महिने बाई माझ्याकडेच होत्या. तिथंही त्यांनी सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचलं, नर्सला तिच्या मायचं माहेर विचारलं, माझ्या सासूबाईंच्या गोड बोलण्यावर संशय घेतला. एका दुपारी मुलगी शाळेत गेली होती. मी त्यांचे पाय चेपत होते. मनात साचलेलं होतं ते विचारून टाकलं.

“बाई, तुम्ही मलासुद्धा का नाही सांगितलं? एक फोन केला असता.”

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या.

“एकट्या रांडव बाईले साठीत रक्त जाऊन राह्यलं,” त्या म्हणाल्या. “अचलपुरात समजलं असतं, त काय म्हनले असते?”

“काय म्हणाले असते?”

“तुले जे म्हनले थे.”

मी पाय चेपायची थांबले. त्या आयुष्यभर सगळ्या जगावर डोळा ठेवून होत्या, आणि सगळ्या जगाला घाबरत होत्या, हे मला तेव्हा समजलं. मला त्यांनी बाहेर काढलं होतं. त्यांना काढायला मी उशिरा पोचले होते.

पावसाळा संपताना त्या गेल्या. तेरवी अचलपूरला, सासरच्या अंगणातच झाली. पंगतीत माझ्या मागच्या रांगेत दोन बायका बोलत होत्या. आवाज दबका होता, पण मला ऐकू यावा इतकाच. “गर्भाशयाचा म्हनते. एकटी राहे ना वं इतके वर्स. काय असन, काय नाई. देवाले ठाऊक.” दुसरी नुसतं “हूं” म्हणाली.

वाढपी वरणाची बादली घेऊन माझ्यापाशी आला होता. मी त्याला थांबवलं आणि उभी राहिले. मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलले. “वानखडेबाईंना गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. वागण्यानं होत नाही तो. लग्न झालेल्या बाईला होतो, विधवेला होतो, लेकरं झालेलीला होतो, न झालेलीला होतो. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं तर दुकानातल्या गोळ्या खाऊ नका, डॉक्टरकडे जा. लवकर गेलं तर बाई वाचते. त्या गेल्या नाहीत, कारण त्यांना तुमची भीती वाटली.”

मागच्या दोघींकडे मी वळून पाहिलं नाही. वाढपी बादली धरून तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, “वाढा.” मग मी खाली बसले, आणि पानातलं सगळं जेवले.